वेंगुर्ल्याच्या डच वखारीसाठी खुले पत्र : आधी छप्पर, मग आराखडा

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. नगराध्यक्ष व सर्व सदस्य, वेंगुर्ला नगरपरिषद

विषय : वेंगुर्ले येथील डच वखारीचे जतन आणि पुनर्वापर

सप्रेम नमस्कार.

जांभ्याचे बांधकाम, चुन्याचे काम, लाकूडकाम आणि जुन्या वास्तूंची मोजणी हा आमचा रोजचा धंदा आहे. वखारीचे पुढे काय करायचे ही चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो तिथे काय सुरू करायचे हा. कोणी संग्रहालय म्हणते, कोणी काजू-कोकमाचे विक्री केंद्र, कोणी सभागृह. कल्पना चांगल्या आहेत, पण त्यांची पाळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. पहिल्या वर्षाचा प्रश्न पावसाचा आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि छप्पर गेलेल्या भिंतीच्या माथ्यातून तो थेट पोटात उतरतो. म्हणून आमची मागणी अशी की, वखारीवर आधी तात्पुरते छप्पर घाला, त्याखाली एक अख्खा पावसाळा भिंतींच्या नोंदी घ्या, आणि मगच पुनर्विकासाची निविदा काढा.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली इथे पाय रोवला तो गोव्यावर नजर ठेवून. पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, धान्य आणि दुरुस्तीचे सामान पुरवायला जवळचे बंदर हवे होते. त्यामुळे ही वास्तू मालाची कोठी आहे तशी गढीही आहे. पुढे १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. किल्ल्यांकडे आपल्या सगळ्यांचे लक्ष असते आणि ते असायलाच हवे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले याचा आम्हालाही अभिमान आहे. पण समुद्रावरचा व्यापार कसा चालत होता हे भिंतींतून दाखवणाऱ्या वास्तू कोकण किनाऱ्यावर फार थोड्या उरल्या आहेत. डच कंपनीची दप्तरे हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि २००३ पासून युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत आहेत. वेंगुर्ल्याच्या वखारीचे नकाशे, दुरुस्तीचे हिशेब, मालाच्या याद्या तिथे शोधण्याचे काम आजच सुरू करता येईल. त्याला ना परवाना लागतो ना पावसाळा आड येतो. माडीला किती खण होते, जिना कुठल्या अंगाला होता, हे कागदावर मिळाले तर पुढचे कितीतरी अंदाज वाचतील.

आता भिंतीकडे वळू. अशा जाड भिंतीला बहुधा दोन्ही अंगांना जांभ्याचे घडीव चिरे असतात आणि मधला गाभा दगडगोटे, माती आणि चुना यांनी भरलेला असतो. छप्पर होते तोवर हा गाभा कोरडा होता. छप्पर गेले की पाणी माथ्यावरून आत शिरते, गाभ्यातला चुना विरघळवून खाली नेते आणि भरण सैल होऊन खाली बसते. वरच्या बाजूला पोकळी होते आणि खाली बसलेले भरण दोन्ही अंगांच्या चिऱ्यांना बाहेर ढकलते. बाहेरून दिसतो तो फुगवटा. ओळंबा सोडून पाहिले तर जोत्यापासून पाच-सहा फुटांवर भिंत दोन-तीन इंच पुढे आलेली सापडते आणि त्याच जागी हातोडीने हलके ठोकले की आवाज पोकळ येतो. असा फुगवटा बाहेरून सिमेंटने लिंपला तर पाणी आतच अडते आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत तेवढा पट्टा एकदम कोसळतो.

सिमेंटबद्दल इतके कडक का बोलतो ते सांगायला हवे. जांभा मऊ आणि सच्छिद्र दगड आहे. आयएस ३६२० या भारतीय मानकात बांधकामाच्या चिऱ्याला किमान दाबसहनक्षमता मागितली आहे ती चौरस मिलिमीटरला फक्त ३.५ न्यूटन, आणि वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषणे चालवून घेतले आहे. सिमेंटची दर्जा, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यात भरलेला माल, याच्या कितीतरी पट कडक आणि जवळजवळ बंद असते. भिंतीतले पाणी बाहेर पडताना सांध्याची वाट बंद दिसली की चिऱ्यातून निघते, आणि बरोबर आणलेला खार चिऱ्याच्या तोंडावर सोडते. लोणा लागतो, चिऱ्याचा चेहरा भुकटी होऊन गळतो, आणि काही वर्षांनी सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे उभ्या राहतात व चिरे इंच-दीड इंच मागे गेलेले असतात. कोकणात दुरुस्त झालेल्या कितीतरी देवळांच्या आणि वाड्यांच्या जोत्यांवर हे चित्र कोणालाही पाहता येईल. चुन्याची दर्जा चिऱ्याहून मऊ असते, खार तिच्यात जमतो, ती झिजते आणि वीस-तीस वर्षांनी उकरून नव्याने भरता येते. चिरा मात्र शाबूत राहतो.

यावर नेहमीचे उत्तर असते की चुना परवडत नाही आणि मिळत नाही. हिशेब करून पाहू. चिऱ्याचे तोंड साधारण ३५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर उंच धरले तर चौरस मीटरला सुमारे साडेआठ मीटर सांधा येतो. सांधा १२ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर खोल उकरून भरायचा तर हजार चौरस मीटर भिंतीला पाच घनमीटर माल लागतो, नासधूस धरून सव्वासहा. एकास तीन प्रमाणाने त्यात मुरवलेला चुना दोन घनमीटरच्या आसपास, म्हणजे कळीचा (न विझवलेला) चुना एक ते सव्वा टन. एवढा चुना एका टेम्पोत येतो. खर्च खरा होतो तो उकरण्या-भरण्याच्या मजुरीत आणि वेळेत, आणि ती मजुरी सिमेंटलाही जवळपास तितकीच लागते. जिल्हा दरसूचीत चुन्याच्या कामाचा दर नीट नसतो म्हणून अंदाजपत्रकात सिमेंट शिरते. तेव्हा दरविश्लेषण करून स्वतंत्र दर मंजूर करून घेणे हे अंदाजपत्रकाच्या आधीचे काम आहे, नंतरचे नाही.

चुना मुरवायला वेळ लागतो आणि इथेच सरकारी वर्ष आणि कोकणचे वर्ष एकमेकांत बसत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून, खड्ड्यात पाण्याखाली किमान तीन महिने राहू द्यावा लागतो. जास्त राहिला तर उत्तमच. खड्डे मेअखेर भरले तर पावसाळाभर ते आपोआप ओले राहतात आणि ऑक्टोबरला लोण्यासारखा माल हाती येतो. प्रत्यक्षात निधी फेब्रुवारीत येतो, कार्यादेश मार्चमध्ये निघतो, आणि ठेकेदाराला जूनच्या पहिल्या आठवड्याआधी बिल काढायचे असते. मग दुकानातली चुन्याची पिशवी फोडून त्यात ‘थोडे’ सिमेंट घातले जाते. हा दोष गवंड्याचा नाही. चुना मुरवणे, वाळू धुणे आणि नमुना पट्टे भरणे यांचा वेगळा, छोटा कार्यादेश मे महिन्याच्या आत निघावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

वाळूबद्दल एकच गोष्ट. खाडीच्या तोंडाची वाळू नको. नदीची, टोकदार कणांची वाळू घ्यावी आणि धुतलेल्या पाण्यात मीठ उरले नाही हे तपासावे. पायथ्याच्या ओल्या पट्ट्यात नुसता चुना लवकर धरत नाही, तिथे चांगल्या भाजलेल्या विटेची सुरखी, म्हणजे भुकटी, घालावी लागते. किती घालायची हे जुन्या मालाचे नमुने आम्लात विरघळवून, त्यातली वाळू-सुरखी चाळून ठरवावे. भिंतीच्या किमान आठ-दहा ठिकाणांहून नमुने घ्यावेत, कारण इतक्या वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळा माल वापरलेला असणार. भरलेली दर्जा निदान दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत ऊन पडले आणि कोरडा वारा सुटला की उघडी दर्जा दोन दिवसांत तडकते, आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

पिंपळ, वड आणि उंबर यांचे वेगळे सांगावे लागते, कारण साफसफाईच्या उत्साहात याच कामात सर्वांत जास्त नुकसान होते. मूळ ओढून काढले की त्याच्यासोबत भिंतीचा तुकडा येतो. बुंधा भिंतीपासून वीतभर ठेवून करवतीने कापावा, ताज्या कापावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत ब्रशने तणनाशक लावावे, जाड बुंध्याला तिरकी भोके पाडून त्यातही भरावे आणि वर प्लास्टिक बांधावे. फवारणी करू नये, आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. पावसाळा सरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, झाड रस खाली नेत असते तेव्हा औषध मुळापर्यंत पोहोचते. मेमध्ये लावलेले बहुतेक वाया जाते. मग सहा महिने ते वर्षभर थांबायचे. मेलेले मूळ कुजून जी पोकळी होते ती चुना आणि बारीक सुरखीच्या पातळ मालाने भरायची, खालून वर, एका वेळी अर्धा मीटर उंचीपर्यंत, पंपाचा दाब न देता, फक्त नळीच्या उंचीच्या दाबाने. कुठल्या छिद्रात किती लिटर गेले ते लिहून ठेवायचे. एखादे छिद्र घेतच राहिले तर थांबायचे आणि माल कुठून बाहेर पडतो ते शोधायचे. काही ठिकाणी मूळच भिंतीला धरून असते. तिथे आधी दोन्ही अंगांना लाकडी धिरे द्यावे आणि मगच करवत लावावी.

वास्तूच्या आत पडलेला ढिगारा हा कचरा नाही. छप्पर आणि माडी कोसळली तेव्हा जे खाली आले ते थराथराने तिथेच पडलेले असते. सर्वांत खाली जुन्या फरसबंदीचा माग, त्यावर कोसळलेले लाकूड आणि खिळे, त्यावर कौले, त्यावर माथ्याचे चिरे, सर्वांत वर पालापाचोळ्याची माती. खालच्या थरात चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, तंबाखूच्या पांढऱ्या मातीच्या नळ्या, कंपनीची तांब्याची नाणी मिळण्याची शक्यता खरी आहे. कौलाच्या एका तुकड्यावरूनही बरेच कळते. मंगळुरी कौलाचा कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्या कौलाचा थर जिथे लागेल ते छप्पर डचांचे नव्हे, नंतरच्या दुरुस्तीचे. नळीच्या कौलाचा थर त्याखाली मिळाला तर आधीच्या छपराचा उतार आणि वजन दोन्हींचा अंदाज येतो. म्हणून आत जेसीबी नको. दोन-दोन मीटरचे चौकोन आखून, हाताने, थर मोजत उतरावे आणि माती पाच मिलिमीटरच्या जाळीतून चाळावी. निघालेले घडीव चिरे नंबर टाकून एका बाजूला रचून ठेवावेत. भिंत पुन्हा बांधताना हेच चिरे सर्वांत आधी लागतात. नवे चिरे लागलेच तर खाणीतून काढल्यावर किमान तीन महिने उघड्यावर ठेवून मगच वापरावेत. ताजा चिरा मऊ असतो आणि हवा लागूनच घट्ट होतो.

तात्पुरत्या छपराचा खर्च ऐकून ‘दोन वर्षांसाठी एवढा खर्च कशाला’ असे कोणी म्हणेल. त्याशिवाय वरचे काहीच नीट होणार नाही, हे उत्तर आहे. छपराचा सांगाडा पूर्ण स्वतंत्र असावा, लोखंडी पाइपांचा, जमिनीवर उभा, वखारीच्या भिंतीला एकही बोल्ट नाही. पत्रा भिंतीच्या सर्वांत उंच माथ्याच्या मीटर-दीड मीटर वर, म्हणजे वारा खेळेल आणि माणूस माथ्यावर काम करू शकेल. पाखे भिंतीच्या बाहेर दीड-दोन मीटर आणि पन्हळीचे पाणी किमान तीन मीटर दूर नेऊन गटारात सोडलेले. नाहीतर माथ्यावरून येणारे पाणी अडवून तेच पायात घालण्यासारखे होईल. पश्चिमेच्या अंगाला पावसाची झड अडवायला नारळाच्या चुडतांची झापे बांधावीत, आपल्याकडे पडव्यांना बांधतात तशी. ती स्वस्त असतात, वारा सगळाच अडवत नाहीत आणि वादळात फाटली तर भिंतीला ओढत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब मात्र डोळ्यांत तेल घालून करावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. वारा सेकंदाला ४० मीटर असला तर दाब चौरस मीटरला जवळजवळ १ किलोन्यूटन येतो. चारी बाजूंनी उघड्या छपराला हा दाब वर उचलतो. शंभर चौरस मीटर छपराला ही उचल दहा टनांच्या आसपास जाते आणि पत्रा-पाइपचे स्वतःचे वजन दीड-दोन टन भरते. उरलेले आठ टन काँक्रीटच्या ठोकळ्यांनी किंवा जमिनीत रोवलेल्या अँकरांनी धरले पाहिजेत. अँकर कुठे रोवायचे ते पुरातत्त्व विभागाने खड्डे घेऊन आधी पाहावे, कारण जोत्याभोवतीच्या जमिनीतही जुना पाया असू शकतो. छप्पर आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे तपासून घेतल्याचा अभियंत्याचा दाखला असल्याशिवाय काम सुरू करू नये. उडालेला पत्रा वखारीवर पडला तर संरक्षणासाठी घातलेली वस्तूच तिचा घात करील.

छप्पर झाल्यावर पहिला पावसाळा फक्त पाहायचा असतो. फटींवर चुन्यात बसवलेल्या काचेच्या पट्ट्या किंवा मोजपट्ट्या, महिन्यातून एकदा वाचन, पावसाळ्यात दर आठवड्याला. चारी कोपऱ्यांवर ओळंब्याच्या खुणा. भिंतीतला ओलावा जोत्यापासून अर्धा, एक, दोन आणि तीन मीटरवर. छप्पर असूनही अर्ध्या मीटरवरचा ओलावा उतरत नसेल तर पाणी जमिनीतून चढते आहे, म्हणजे भोवतालचा निचरा सुधारायला हवा. तिथे कितीही दर्जा भरल्या तरी लोणा परत येणार. तीन मीटरवर उतरला आणि एकावर नाही, तर झड कुठून लागते ते शोधावे. ओलावा थांबल्याशिवाय चिऱ्यांवरचा खार काढायला जाऊ नये. कागदाच्या लगद्याचे लेप लावून तो काढता येतो, पण पाणी चालू असेपर्यंत लेप भिंतीतून खार ओढतच राहतो.

याच काळात मोजणी पूर्ण व्हावी. नकाशे १:५० मापात, दारे-खिडक्या आणि तुळईच्या खाचा १:१० मध्ये. प्रत्येक भिंतीचे सरळ छायाचित्र आणि त्यावर कुठला चिरा सैल, कुठला गेलेला, कुठे सिमेंट, कुठे मूळ, याच्या खुणा. तुळईच्या खाचा फार मोलाच्या आहेत. माडी कुठे होती, तुळया किती जाडीच्या आणि किती अंतरावर होत्या, हे त्यावरून कळते. खाचा बुजवल्या की तो पुरावा गेला.

आता वापराबद्दल. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत एक स्पष्ट सूत्र आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, आणि नवे जे घालाल ते नवे म्हणून ओळखू आले पाहिजे. आमच्या मते इथे माडीची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा भिंतींच्या आत स्वतंत्र, हलका सांगाडा उभा करावा. तो भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर सुटा असावा, त्याचा भार त्याच्याच पायावर जावा आणि उद्या काढायचा म्हटला तर नटबोल्ट सोडून काढता यावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे रंगवलेले लोखंड टिकत नाही. गरम जस्तलेपन आणि वर रंग, दोन्ही लागतील. लाकूड वापरायचे तर साग, ऐन किंवा किंजळ, नीट वाळवलेले. तुळईचे टोक कुठे भिंतीत टेकवावे लागलेच तर खाली दगडाची गादी आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी. चुन्यात गाडलेले टोक वाळवी आणि ओल दोन्हींना आमंत्रण असते.

मजल्यावर काय ठेवणार यावर सांगाड्याचा जाडजूडपणा ठरतो, म्हणून वापर आणि रचना यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होता कामा नयेत. आयएस ८७५ च्या भाग २ प्रमाणे घराच्या खोलीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतात, कायम बसवलेल्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला ५, आणि पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला २.२ मीटर उंचीपर्यंत ६ आणि पुढच्या प्रत्येक मीटरला आणखी २. म्हणजे माडीवर ग्रंथालय मांडायचे ठरवले तर खांब आणि पाया घरगुती माडीच्या तिप्पट भाराचा हवा, आणि तो पाया जुन्या फरसबंदीतून खणावा लागणार. म्हणून जड वापर खाली, हलका वर. आमचा कल असा: खालच्या दालनात बंदर आणि व्यापाराचे कायम प्रदर्शन, वर एका बाजूला फक्त फिरण्यापुरती अरुंद माडी, जिथून खाचा, दारे आणि समुद्राकडची बाजू दिसेल, आणि उरलेली जागा आभाळापर्यंत मोकळी. सगळे पूर्ण छपराखाली आणलेच पाहिजे असेही नाही. एखादा भाग माथा बांधून, भग्न म्हणूनच ठेवला तर माणसाला भिंतीची जाडी आणि तिच्या पोटातले भरण डोळ्यांनी पाहता येईल.

वातानुकूलित सभागृह मात्र कृपा करून नको. थंड केलेली हवा आणि बाहेर आपली सप्टेंबरची दमट हवा, यांच्यामध्ये ओला जांभा आला की पाणी भिंतीतच जमते. प्रसाधनगृहे, पाण्याच्या टाक्या, उपाहारगृह हे सर्व वखारीबाहेर, स्वतंत्र छोट्या इमारतीत. पाण्याचा एकही नळ जुन्या भिंतीतून जाऊ नये, विजेच्या तारा नव्या सांगाड्यावरूनच जाव्यात. उतार रस्ता एकास बारापेक्षा तीव्र नको, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूसही आत येईल. जोते उंच असेल तर उतार किती लांब होईल ते आत्ताच नकाशावर आखून पाहा, कारण ती जागा मग वाहनतळाला दिलेली निघते. भिंतीत घुबडे किंवा वटवाघळे असतील तर त्यांच्या विणीचा काळ वन विभागाकडून समजून घेऊन काम आखावे.

जुन्या कोठारांना नवा वापर देता येतो याची उदाहरणे लांब नाहीत. श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यात डचांचेच सतराव्या शतकातले मोठे कोठार सागरी संग्रहालय झाले. २००४ च्या त्सुनामीत त्यातल्या वस्तूंचे फार नुकसान झाले, भिंती उभ्या राहिल्या आणि २०१० मध्ये संग्रहालय पुन्हा सुरू झाले. वेंगुर्ल्यात वस्तू कुठल्या उंचीवर मांडायच्या हे ठरवताना त्याची आठवण ठेवावी. कोचीतल्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये, जिथे पूर्वी मसाल्यांचा व्यापार चाले, २०१२ पासून कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन भरत आले आहे, आणि तिथे इमारतीचे जुनेपण झाकलेले नाही.

परवानग्यांचे थोडक्यात. १९६० च्या राज्य अधिनियमाखाली संरक्षित जागेत खोदकाम वा बांधकाम शासनाच्या परवानगीविना होत नाही, हे आपण जाणताच. त्याखेरीज २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसास्थळे यांना सीआरझेड-१ अ या किनाऱ्याच्या संवेदनशील वर्गात धरले आहे. वखारीची हद्द मंजूर किनारा नकाशावर कशी दाखवली आहे ते तपासून सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाशी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करावा. निविदा निघाल्यावर ही अडचण समोर आली तर अख्खा मोसम हातचा जातो. सिटी सर्व्हेची मोजणी करून संरक्षित हद्दीचे दगडही नव्याने बसवावेत. शेजारी नवी बांधकामे वाढत चालली आहेत, आणि बाजूच्या विहिरीचे किंवा शोषखड्ड्याचे पाणी वखारीच्या पायात येते का हे पाहायलाही हद्द स्पष्ट लागते.

निविदेबद्दल आमच्या तीन विनंत्या आहेत. सर्वांत कमी दर हा एकमेव निकष नको; तांत्रिक लिफाफा आधी उघडावा आणि चुन्याचे पूर्ण झालेले काम, किमान पाच वर्षे जुने, प्रत्यक्ष जाऊन पाहावे. एका पावसाळ्यात टिकलेली दर्जा काहीच सिद्ध करत नाही. प्रत्येक इच्छुक ठेकेदाराने एक चौरस मीटरचा नमुना पट्टा स्वतःच्या गवंड्याकडून भरून दाखवावा, आणि मंजूर पट्टा कामाच्या शेवटपर्यंत जागेवर जपून ठेवावा म्हणजे पुढचे सारे काम त्याच्याशी ताडता येईल. आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, किमान तीन पावसाळे असावा, कारण गाभ्यातला दोष दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच वर येतो. स्थानिक गवंड्यांना यात घ्याच. हात त्यांचे तयार आहेत. चुन्याची सवय मोडली आहे ती दोन-तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाने परत येते, आणि पुढची पन्नास वर्षे देखभाल करणारी माणसे गावातच तयार होतात. त्या देखभालीला अंदाजपत्रकात वेगळा लेखाशीर्ष हवा. दर मे महिन्यात पन्हळी साफ करणे, माथ्यावरची रोपे बोटभर असतानाच उपटणे आणि सुटलेल्या दर्जा भरणे, इतकेच काम असते, पण त्याला पैसे कोणाच्या सहीने निघतील हे लिहिलेले नसले तर ते होत नाही.

मसुदा आराखडा तयार झाला की तो मराठीत, नकाशांसह, नगरपरिषदेच्या फलकावर आणि वखारीच्या दारात लावावा आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस द्यावेत. मोजणी, चुन्याचे नमुने आणि गवंड्यांचे प्रशिक्षण या तिन्ही कामांत आम्ही विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत. चुन्याचे खड्डे येत्या मेअखेर भरायचे असतील तर जागा आणि पाण्याची सोय नगरपरिषदेने मार्चपर्यंत सांगावी.

आपले नम्र,
वेंगुर्ले, मालवण आणि सावंतवाडी परिसरातील गवंडी, सुतार, अभियंते आणि वास्तुविशारद